शाळा समोर, पण बिल्डिंगचं काय?

तुमच्या घरात सध्या कुणी फ्लॅट बघतंय का? दादा-वहिनी, ताई-जिजू, नाहीतर खुद्द आईबाबा? मग एक काम तुमच्या गळ्यात पडणार, हे लिहून ठेवा. 'तू शिकलेला आहेस ना, जरा हे कागद बघ.' माझ्या गळ्यात ते मे महिन्यात पडलं. मास कॉमची डिग्री घेतली म्हणजे हिला कायद्याचं सगळं कळतं, असा आमच्या घरात समज आहे. गैरसमज म्हणा हवं तर.

आम्ही चांदीपचे. विरार पूर्वेला बिल्डिंगा विरळ होत जातात, त्या बाजूचं गाव. दादाचा मुलगा चार वर्षांचा झाला आणि घरात शाळेचा विषय निघाला. वहिनीचं म्हणणं साधं होतं. रोज व्हॅनमध्ये कोंबून पोराला पाठवायचं नाही, शाळेजवळच घर घ्यायचं. दादा तयार झाला. तीस लाखांच्या आतला वन बीएचके, विरार पूर्वेला, शोध सुरू.

पहिलाच फ्लॅट असा निघाला, की बाल्कनीतून शाळेचं ग्राउंड दिसायचं. एजंट म्हणाला, ''ताई, घंटा वाजली की मुलगा घरातून निघेल.'' वहिनीने तिथेच मनातल्या मनात सोफा लावला. आम्ही भरपूर प्रश्न विचारले. फी किती, डोनेशन आहे का, एका वर्गात मुलं किती. सगळे शाळेबद्दलच. बिल्डिंगबद्दल एकही नाही. मीही नाही. दादाने पंचवीस हजार टोकन देऊनही टाकलं.

रात्री एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर सीसीचा फोटो पाठवला. सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. मी तो झूम करून वाचत बसले. 'तळ अधिक दोन मजले.' दुसऱ्या दिवशी परत जाऊन खालून मजले मोजले. तळ अधिक चार. आमचा फ्लॅट चौथ्यावर. म्हणजे आम्ही ज्याचं टोकन दिलं होतं, तो फ्लॅट कागदावर नव्हताच!

''ताई, इथे सगळ्यांचं असंच असतं,'' एजंट म्हणाला. राग आला, पण तो अगदीच खोटं बोलत होता असंही नाही.

वसई-विरारमध्ये राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. त्यातले कितीतरी जण मुंबईत परवडत नाही म्हणून इथे आले आणि त्यांच्यासाठी मिळेल त्या जागेवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती होत्या. हायकोर्टाच्या आदेशाने त्या पाडल्या, सुमारे अडीच हजार कुटुंबं बाहेर आली. कधी? त्यातल्या बऱ्याचशा २०२५च्या जानेवारी-फेब्रुवारीत, दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर असताना. त्या घरांतल्या आईबापांनीही कधीतरी 'शाळा जवळ आहे ना' असं विचारूनच घर घेतलं असेल.

आणि विरार पूर्वेचं रमाबाई अपार्टमेंट. २६ ऑगस्ट २०२५ची मध्यरात्र, उजाडलं की गणपती. एका घरात लहान मुलीचा पहिला वाढदिवस झाला होता. इमारतीचा भाग कोसळला आणि १७ जण गेले. इमारत अनधिकृत होती. पण मला खटकतं ते तिचं वय. २०१२च्या आसपास बांधलेली, म्हणजे जेमतेम तेरा वर्षांची. कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक होतं ते इमारतीला ३० वर्षं झाल्यावर. 'बिल्डिंग नवीनच आहे हो' हे वाक्य आता मला ऐकवत नाही.

शाळेसाठी घर ही कल्पना बाहेरच्या देशांत फार जुनी आहे. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तुमचा पत्ता ज्या हद्दीत, तिथली सरकारी शाळा तुमची. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ साली बोस्टनच्या उपनगरांतली घरं तपासली. हद्दीच्या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची, बाकी सगळं सारखं. शाळेच्या परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील, तर लोक घराला अडीच टक्के जास्त मोजतात, असं त्यांना आढळलं. तिथे ते पटतं, कारण पत्ता म्हणजे प्रवेश.

आपल्याकडे तसं कुठे आहे? खासगी शाळेच्या गेटसमोर राहिलात म्हणून अ‍ॅडमिशन मिळत नाही. पत्ता खरंच उपयोगी पडतो तो आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी. तिथे अर्ज भरताना नकाशावर घर दाखवावं लागतं आणि शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर फायदा होतो. सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा बदल सरकारने २०२४मध्ये केला होता, तो हायकोर्टाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. तेव्हा आरटीईमध्ये बसणाऱ्या घरांनी अंतर जरूर मोजावं. बाकीच्यांनी 'शाळा समोर' याचे दोन-तीन लाख जास्त देण्याआधी थांबावं.

मी दादाला एवढंच म्हटलं, शाळा नाही पटली तर जूनमध्ये दाखला काढून दुसरीकडे घालता येईल. वीस वर्षांचं लोन असलेल्या फ्लॅटचा दाखला कुठून काढणार?

शाळासुद्धा तपासायचीच, फक्त बाल्कनीतून नाही. नावात 'इंटरनॅशनल' आहे याला काही अर्थ नाही. शाळेचा अकरा आकडी यूडायस नंबर मागा, आपल्या राज्यातला २७ने सुरू होतो. तो टाकला की वर्ग किती, शिक्षक किती, हे सरकारी पोर्टलवर दिसतं. पहिली ते पाचवीला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक, असं आरटीई कायदा सांगतो. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर काय ते समजा. आपल्या तालुक्यात अनधिकृत शाळाही निघतात, बिल्डिंगांसारख्याच. आणि हो, जिल्हा परिषदेच्या शाळेत एकदा आत जाऊन तर बघा! महापालिका २००९ला आली, तरी शहरातल्या मराठी प्राथमिक शाळा नंतर वर्षानुवर्षं जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. काही ठिकाणी वर्ग बरे असतात, काही ठिकाणी नसतात. गेल्याशिवाय कळत नाही. वहिनी अजून गेलेली नाही, हेही सांगते.

आता बिल्डिंग. पहिला प्रश्न ओसीचा, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राचा. सीसी म्हणजे 'बांधा', ओसी म्हणजे 'राहा'. एजंट सीसी पुढे करतो आणि आपण मान डोलावतो. इमारत जुनी असेल तर कागदांवर सिडकोचं नाव दिसेल, घाबरू नका. १९९० ते २०१० या काळात इथलं नियोजन सिडकोकडे होतं. घरपट्टीची पावती दाखवतील, तिला भुलू नका. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते, त्याने ते अधिकृत होत नाही. महारेराचा नंबर बघाच, पण तिथेही संपत नाही. डोंबिवलीत ६५ इमारतींनी खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवले होते. म्हणून परवानगीचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जायचं आणि मजल्यांसकट जुळवायचं. मी गेले. तीन चकरा झाल्या, दोनदा 'साहेब साइटवर आहेत' ऐकलं, तिसऱ्यांदा काम झालं. चकरा मारायला वेळ नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

मग डोळ्यांनी बघायचं. फ्लॅटमध्ये नंतर जा, आधी पार्किंगमधले कॉलम बघा. उभ्या तडा, तांबूस डाग, फुगलेलं प्लास्टर, म्हणजे आत सळईला गंज चढलाय. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. खाडीची रेती न धुता वापरली असेल तर तिच्यातल्या क्षाराने हे लवकर होतं. त्यानंतर गच्ची. एकाच कोपऱ्यात ताजा रंग मारलेला दिसला तर तिथेच का, असं विचारायचं. वरच्या मजल्यावरच्या काकूंशी दोन मिनिटं बोललात तर एजंटने न सांगितलेलं सगळं कळतं. नवीन फ्लॅट असेल तर रेरा कायद्यात एक चांगली सोय आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा.

आमचं काय झालं? टोकनच्या पंचवीस हजारांतले पंधरा परत आले. दहा 'कागदांच्या खर्चात' गेले. कसला खर्च, ते विचारू नका. वहिनी चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. ''एवढी जवळ शाळा परत मिळणार आहे का गं?'' एवढंच म्हणाली. तिचं चूक नव्हतं. रोज सकाळी डबा भरून, पोराला उठवून, आवरून व्हॅनपर्यंत तीच पळणार आहे, मी नाही.

आता एक फ्लॅट हाताशी आहे. दुसरा मजला, ओसी आहे, नगररचना विभागात मजले जुळले. शाळा तीन किलोमीटरवर, म्हणजे व्हॅन आलीच. बाथरूमच्या छताला ओल आहे. दादाचा सिव्हिलवाला मित्र म्हणतो, वरच्या फ्लॅटची लाइन गळतेय, स्लॅबला धोका नाही, वॉटरप्रूफिंगचा खर्च मालकाकडून कापून घ्या. मालक म्हणतो, ओल जुनी आहे, आता सुकली. रविवारी आम्ही परत बघायला जातोय. वहिनीही येतेय. शनिवारी रात्रभर पाऊस झाला तर बरं.