चष्म्याचा नंबर आणि लेसरचे ऑपरेशन

हल्ली तरुण मुलं म्हणतात, "लेसरनं चष्मा जातो. पाच मिनिटांचं काम!" काम थोड्या वेळाचं आहे, हे खरं. पण डोळे दोनच असतात आणि ते बाजारात विकत मिळत नाहीत. म्हणून हे ऑपरेशन म्हणजे काय, ते कुणाला चालतं, कुणाला चालत नाही, आणि नंतर काय सांभाळायचं, हे आपण आधी समजून घेऊ.

चष्मा का लागतो?

आपल्या डोळ्याच्या पुढे एक पारदर्शक पडदा असतो. घड्याळावर काच असते ना, तसा. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. आपण त्याला डोळ्याची काच म्हणू. ही काच मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. बाहेरचा उजेड ह्या काचेतून आत शिरतो, आतल्या भिंगातून पुढे जातो आणि मागच्या पडद्यावर पडतो. तिथं चित्र नीट उमटलं, की आपल्याला स्वच्छ दिसतं.

काही जणांचा डोळा थोडा लांबट असतो. मग चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होतं. एस.टी.वरची पाटी लांबून वाचता येत नाही. हा वजा नंबर. काहींचा डोळा आखूड असतो. त्यांचा अधिक नंबर. काहींच्या डोळ्याची काच सगळीकडून सारखी गोल नसते, एका बाजूनं जास्त वळलेली असते. तो सिलिंडरचा नंबर. चष्म्याचं भिंग उजेडाला वळवतं आणि चित्र पडद्यावर आणून ठेवतं.

तेव्हा चष्मा लागणं हा काही मोठा रोग नव्हे. चष्म्यानं स्वच्छ दिसत असेल, तर ऑपरेशन केलंच पाहिजे असं मुळीच नाही.

लेसर म्हणजे काय?

लेसर म्हणजे एका रेषेत, एकवटून जाणारा प्रकाश. पहिला लेसर 1960 साली अमेरिकेत तयार झाला. आज लेसरचे पुष्कळ प्रकार आहेत. चष्म्याच्या नंबरासाठी वापरतात तो लेसर डोळ्यांना दिसत नाही. त्याचा असा उपयोग शोधण्यात आपल्या एका देशबांधवाचा मोठा वाटा आहे. त्यांचं नाव रंगस्वामी श्रीनिवासन. त्यांचा जन्म 1929 साली मद्रासला झाला. पुढे ते अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत संशोधन करू लागले.

1981 सालच्या नोव्हेंबर महिन्यात सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्की पक्ष्याचं हाड त्यांनी प्रयोगशाळेत आणलं आणि त्यावर हा लेसर सोडला. हाडावर बारीक, स्वच्छ खाच पडली. भोवतालचा भाग करपला नाही. इतक्या हलक्या हातानं काम करणारं हत्यार डोळ्याला उपयोगी पडेल, हे लवकरच डॉक्टरांच्या ध्यानात आलं. 1995 साली अमेरिकेच्या सरकारनं ह्या उपचाराला मान्यता दिली.

हा लेसर डोळ्याच्या काचेचा अगदी पातळ थर उडवतो आणि काचेला नवा आकार देतो. चष्म्याचं काम मग ती काचच करू लागते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. काढलेला थर परत भरून येत नाही. चष्मा पसंत पडला नाही तर बदलता येतो. डोळ्याची काच तशी बदलता येत नाही. म्हणून आधीची तपासणी ऑपरेशनइतकीच मोलाची आहे.

आधीची तपासणी

वय अठरा वर्षांपेक्षा कमी असेल, तर हे ऑपरेशन करीत नाहीत. नंबर निदान एक वर्ष स्थिर असावा लागतो. नंबर वाढत असताना ऑपरेशन केलं, तर चष्मा पुन्हा लागतो. बाई गरोदर असेल किंवा बाळाला पाजत असेल, तर थांबावं लागतं. डोळे फार कोरडे असतील, मधुमेह आटोक्यात नसेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावं.

काही जणांची काच मुळातच पातळ किंवा कमजोर असते. ती हळूहळू टोकदार होत जाते. अशा डोळ्यावर लेसर चालवला, तर काच आणखी कमजोर होऊन नजर बिघडते. म्हणून यंत्रावर काचेची जाडी आणि आकार मोजतात. बाहुली मोठी करून मागचा पडदाही पाहतात. डोळ्यात घालायच्या लेन्स वापरत असाल, तर तपासणीच्या आधी एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस, त्या बंद ठेवाव्या लागतात.

तपासणीनंतर डॉक्टर "नको" म्हणाले, तर वाईट वाटून घेऊ नका. त्या डॉक्टरनं तुमचा डोळा राखला, असं समजा. "हो" म्हणणारा दुसरा कुणी शोधत हिंडू नका.

पोलीस, सैन्य, रेल्वे अशा भरतीसाठी काही मुलं हे ऑपरेशन करतात. पण प्रत्येक खात्याचे नियम निराळे असतात. कुठं हे ऑपरेशन चालतं, कुठं चालत नाही, कुठं त्यानंतर काही महिने जावे लागतात. आधी नियम वाचावा, मग पैसे भरावेत.

सहीच्या आधी वाचा

ऑपरेशनच्या आधी एक कागद पुढं येतो. त्याला संमतिपत्र म्हणतात. त्यात काय करणार, कोणता धोका आहे, हे लिहिलेलं असतं. कागद इंग्रजीत असेल, तर मराठीतला मागा. मराठीतला नसेल, तर वाचून समजावून सांगा म्हणावं. त्यात लाज कसली? तुम्ही कष्टानं अक्षर शिकलात, ते नुसती सही करण्यासाठी नव्हे. सही तुमची आहे, तर वाचणंही तुमचंच काम.

चार प्रश्न जरूर विचारा. माझी काच पुरेशी जाड आहे का? माझ्यासाठी कोणती पद्धत, आणि का? एकूण खर्च किती, औषधं आणि पुढच्या तपासण्या धरून? नंबर थोडा राहिला, तर पुढं काय?

ऑपरेशनच्या दिवशी

भूल देण्यासाठी डोळ्यात थेंब घालतात. सहसा डोळ्याला सुई टोचत नाहीत. पापणी मिटू नये म्हणून बारीक चिमटा लावतात. तुम्ही जागेच असता. समोरच्या दिव्याकडे एकटक पाहायचं, एवढंच तुमचं काम.

पद्धती मुख्यतः तीन. पहिलीत काचेचा वरचा पातळ पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उचलतात, खाली लेसर चालवतात आणि पान परत बसवतात. ही लॅसिक. दुसरीत पापुद्रा न कापता वरची नाजूक साल तेवढी काढतात आणि लेसर चालवतात. तिसरीत लेसरनं काचेच्या आतच एक चकती कापतात आणि बारीक छेदातून ती बाहेर काढतात.

काही वेळ डोळ्यावर दाब वाटतो. क्षणभर अंधारून येतं. केस जळल्यासारखा वास येतो. ह्याला भिऊ नये. लेसर एका डोळ्यावर बहुधा मिनिटभरच चालतो. दोन्ही डोळ्यांचं काम मिळून अर्ध्या तासाच्या आत आटोपतं. टाके घालत नाहीत. त्याच दिवशी घरी सोडतात. मात्र सोबत माणूस न्यावा. स्वतः गाडी चालवू नये.

नंतरचे दिवस

पहिले पाच-सहा तास डोळ्यातून पाणी येतं, चुरचुरतं, वाळू गेल्यासारखं वाटतं. घरी येऊन स्वस्थ झोपावं. लॅसिकनंतर दुसऱ्या दिवशी पुष्कळांना बरंच स्वच्छ दिसू लागतं. साल काढण्याच्या पद्धतीत तीन-चार दिवस दुखतं आणि नजर बसायला काही आठवडे लागतात. म्हणून "शेजाऱ्याला लगेच दिसलं, मला का नाही?" असं म्हणून घाबरू नये. त्याची पद्धत कदाचित निराळी असेल.

सगळ्यांत मोठा नियम हा, की डोळा चोळायचा नाही. चोळलं तर बसवलेलं पान सरकतं. झोपताना डॉक्टरांनी दिलेली झाकणी लावावी. डोळ्यात पाणी, साबण, शिकेकाई जाऊ देऊ नये. काजळ, विहिरीत पोहणं, चुलीचा धूर, मळणीचा भुसा, गुलाल ह्यांपासून डॉक्टर सांगतील तितके दिवस दूर राहावं.

थेंबांच्या बाटलीवरचं नाव आणि वेळ स्वतः वाचावी. थेंब घालण्याआधी हात धुवावेत. बरं वाटलं म्हणून औषध मधेच सोडू नये, आणि सांगितल्यापेक्षा जास्त दिवसही घालू नये. काही थेंब फार दिवस घातले, तर डोळ्यातला दाब वाढतो. डोळ्यांत तेल घालून जपावं असं आपण म्हणतो, पण ते बोलण्यापुरतंच. तूप, मध, दूध, झाडपाल्याचा रस, काहीही डोळ्यात घालू नये.

डोळे कोरडे वाटणं, रात्री दिव्याभोवती वलय दिसणं, हे काही महिने राहतं. पुष्कळांचं ते कमी होतं. थोड्यांना त्याचा त्रास टिकून राहतो. रात्रीच्या वेळी गाडी हाकणाऱ्यांनी ह्याचा आधीच विचार करावा. मात्र दुखणं वाढलं, डोळा फार लाल झाला, किंवा दिसणं एकदम कमी झालं, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.

लेसरनं काय होत नाही

चाळिशीनंतर जवळचं वाचायला चष्मा लागतो. तो डोळ्यातलं भिंग ताठ झाल्यामुळं लागतो. लेसर केलेल्यांनाही तो टळत नाही. मोतीबिंदूत आतलं भिंग गढूळ होतं. तिथं ते भिंगच बदलावं लागतं. काचेवरच्या ह्या लेसरनं मोतीबिंदू जात नाही. मोठा वजा नंबर असलेल्यांचा लांबट डोळाही लांबटच राहतो. त्यांनी मागच्या पडद्याची तपासणी चालू ठेवावी. डोळ्यापुढं विजा चमकल्या किंवा काळे ठिपके एकदम वाढले, तर ताबडतोब दाखवावं.

ऑपरेशनच्या आधीच्या मापांचे कागद जपून ठेवा. पुढं म्हातारपणी मोतीबिंदू झाला, तर कोणतं भिंग बसवायचं हे ठरवताना ते उपयोगी पडतात. घराच्या सातबाऱ्याजवळच ते ठेवावेत.

शेवटी एक गोष्ट आम्ही स्पष्टच सांगतो. चष्म्यामुळं मुलीचं लग्न जमत नाही, म्हणून काही आईबाप तिला ह्या ऑपरेशनला नेतात. तिला स्वतःला हवं असेल, तपासणी ठीक निघाली असेल, तर जरूर करावं. पण लोकांच्या मनातल्या अढीसाठी लेकीच्या डोळ्यावर उपचार करणं बरं नव्हे. तिचा चष्मा कुणाला खुपत असेल, तर तो माणूसच पुन्हा नीट पारखून घ्यावा.