चालती गाडी अचानक बंद पडली? धक्का मारण्याआधी बेल्टचा विचार करा!

आपल्या घरी, नाहीतर नात्यात कुणाकडे तरी एक जुनी गाडी असतेच. पंधरा-वीस वर्षं झालेली, पण विकायला मन होत नाही अशी. धुतलेली असते, टायर ठीक असतात, ऑइलही वेळेवर बदललेलं असतं.

अशीच गाडी घेऊन तुम्ही गावाकडे निघालात. खंबाटकीचा चढ संपला, गाडी जरा मोकळी पळायला लागली आणि अचानक इंजिन बंद. धूर नाही, मोठा आवाज नाही. फक्त डॅशबोर्डवर दोन-चार लाल दिवे आणि जड झालेलं स्टेअरिंग. गाडी बाजूला घेऊन चावी फिरवली तर स्टार्टर फिरतोय, पण इंजिन काही सुरू होत नाही.

तेवढ्यात रस्त्यावरचे चार भले लोक जमतात आणि ठरलेला सल्ला मिळतो, "दुसऱ्या गिअरला टाका, आम्ही धक्का मारतो!"

इथेच थांबायचं. कारण बिघाड बॅटरीचा असेल तर धक्क्याने गाडी सुरू होईल, पण टायमिंग बेल्ट तुटला असेल तर याच धक्क्याने इंजिनचं मोठं काम निघू शकतं. दोन्हींतला फरक कसा ओळखायचा, तेच आज समजून घेऊया.

बेल्ट एक नाही, दोन प्रकारचे असतात

"गाडीचा बेल्ट गेला" असं आपण सरसकट म्हणतो. पण इंजिनवर दोन अगदी वेगळी कामं करणारे बेल्ट असतात.

पहिला बाहेरचा. बॉनेट उघडलं की इंजिनच्या एका बाजूला पुल्यांवर चढवलेला दिसतो तो. हा अल्टरनेटर फिरवतो, म्हणजे बॅटरी चार्ज होते. अनेक गाड्यांत कुलंट फिरवणारा वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टेअरिंगचा पंपसुद्धा यावरच किंवा शेजारच्या दुसऱ्या बेल्टवर चालतो.

गॅरेजमध्ये याला आजही 'फॅन बेल्ट' म्हणतात. अॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी अशा गाड्यांत रेडिएटरमागचा पंखा खरोखरच या बेल्टवर फिरायचा. पुढे बहुतेक छोट्या गाड्यांत पंखा विजेवर चालू लागला, पण नाव तेच राहिलं.

दुसरा टायमिंग बेल्ट. हा झाकणाच्या आत असतो, त्यामुळे सहसा आपल्या नजरेस पडत नाही. याला आतल्या बाजूने दाते असतात. खाली पिस्टनना जोडलेला क्रँकशाफ्ट आणि वर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, या दोघांना तो एका तालात बांधून ठेवतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक. गाडी ३००० आरपीएमवर पळत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. यात एका दात्याचा फरक पडला तरी इंजिन बिघडतं.

सगळ्याच गाड्यांत हा बेल्ट नसतो. अॅम्बेसेडर आणि पद्मिनीत या कामाला लोखंडी चेन होती. दात्यांचा रबरी बेल्ट मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मोटारीत आणला तो जर्मनीच्या ग्लास कंपनीने, १९६२ च्या सुमारास आपल्या १००४ या मॉडेलमध्ये. बेल्ट हलका, स्वस्त आणि कमी आवाजाचा, म्हणून तो जगभर पसरला. आपल्याकडे मारुती ८००, जुनी झेन, जुनी वॅगन-आर, पहिली सँट्रो या गाड्यांत टायमिंग बेल्टच होता. मारुतीच्या नंतरच्या के-सिरीज इंजिनांत पुन्हा चेन आली. तुमच्या गाडीत काय आहे, हे मॅन्युअलमध्ये बघता येतं.

तुटलाय कोणता, हे कसं ओळखायचं?

यासाठी डॅशबोर्ड आणि कान एवढंच पुरतं.

*इंजिन चालू आहे, पण बॅटरीचा लाल दिवा लागला.* स्टेअरिंग जड झालं, एसीची हवा गार येईना आणि तापमानाचा काटा वर चढू लागला. यातलं एकापेक्षा जास्त काही एकाच वेळी झालं, तर बाहेरचा बेल्ट तुटलाय किंवा पुलीवरून उतरलाय असं समजा. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर इंजिन काही मिनिटांतच तापतं. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा मोह टाळा. लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, नाहीतर काही शे रुपयांच्या बेल्टपायी हेड गॅस्केट जाईल. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

*चालतं इंजिन एका क्षणात बंद पडलं.* गचके नाहीत, धडपड नाही. आता चावी फक्त एकदा, दोन सेकंद फिरवा आणि आवाज ऐका.

- नुसतं 'कट् कट्' किंवा रडत-रडत फिरतंय : बॅटरी उतरली आहे. अल्टरनेटरचा बेल्ट आधीच तुटला असेल आणि तुम्ही दिव्याकडे लक्ष न देता गाडी पळवली असेल, तरीही शेवटी हेच होतं.
- नेहमीसारखं ठेक्यात फिरतंय, पण सुरू होत नाही : पेट्रोल पोहोचत नाही किंवा स्पार्क मिळत नाही, याची शक्यता जास्त.
- नेहमीपेक्षा भरभर आणि ठेक्याशिवाय, एकसुरी 'घुर्रर्र' फिरतंय : टायमिंग बेल्टचा दाट संशय.

हा ठेका कशामुळे येतो? प्रत्येक पिस्टन वर येताना हवा दाबतो, तेव्हा स्टार्टरला जोर लागतो. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह जागच्या जागी थांबतात, काही उघडेच राहतात. मग हवा नीट दाबलीच जात नाही, स्टार्टरला अडथळा उरत नाही आणि तो मोकळा फिरतो. आपल्या गाडीचा रोजचा आवाज कानात बसलेला असेल तर हा फरक चटकन कळतो.

मग धक्का का मारायचा नाही?

अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह खाली उघडतात तीच जागा थोड्या वेळाने पिस्टन वापरतो. बेल्टचा ताल सांभाळलेला असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, पण क्रँकशाफ्ट वेगात असतो. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. डिझेल इंजिनात हवा पेट्रोलपेक्षा खूप जास्त दाबावी लागते, त्यामुळे वरची जागा फारच कमी असते आणि हे नुकसान जवळपास ठरलेलंच.

काही पेट्रोल इंजिनं मात्र अशी असतात की बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही. तिथे नवा बेल्ट टाकला की गाडी सुरू. तुमचं इंजिन कोणत्या जातीचं आहे, हे रस्त्याच्या कडेला उभं राहून कळत नाही. आणि सुदैवाने काही व्हॉल्व्ह वाचले असतील, तर पुन्हापुन्हा स्टार्टर मारून किंवा गिअरमध्ये धक्का देऊन तेही वाकवाल. म्हणून संशय आला की चावी काढा आणि टोइंगवाल्याला बोलवा.

आणखी एक लक्षात ठेवा. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकचा बूस्टर एक-दोन वेळाच मदत करतो. म्हणून ब्रेक दाबून-सोडून करू नका. हॅझर्ड लावून एकाच सलग दाबात गाडी कडेला थांबवा.

गॅरेजमध्ये खात्री कशी करतात?

टायमिंगचं वरचं झाकण काही बोल्ट किंवा क्लिपा काढल्या की निघतं. बेल्ट तुटलेला असेल तर तिथेच दिसतो. पण वरून बेल्ट शाबूत दिसला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. कधीकधी खालच्या पुलीजवळचे दातेच सोलून निघालेले असतात. म्हणून चांगला मेकॅनिक क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने हळूच फिरवतो आणि वरची कॅमची पुली सोबत फिरते का, हे बघतो. मध्येच काही अडल्यासारखं वाटलं तर जोर न लावता तिथेच थांबतो. कार्ब्युरेटरच्या काळातल्या अनेक गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढूनही हे कळतं. क्रँक फिरतोय आणि आतला रोटर ढिम्म, म्हणजे उत्तर मिळालं.

बेल्ट तुटला नसेल, पण एखादा दाता घसरला असेल तर गाडी चालू राहते. मात्र पिकअप जातो, आयडलिंगला इंजिन थरथरतं, कधी सायलेन्सरमधून फटके येतात. अशा वेळी अनेक जण प्लग आणि फिल्टर बदलत बसतात. त्याआधी टायमिंगच्या खुणा जुळतात का, ते तपासून घ्या. व्हॉल्व्ह वाकल्याचा संशय असेल तर हेड उघडण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा.

तुटण्याआधी बेल्ट काही सांगतो का?

बाहेरचा बेल्ट सांगतो. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना, पावसात, किंवा हेडलाइट आणि एसी एकदम लावल्यावर 'कीं…' असा आवाज येतो, तो बेल्ट घसरल्याचा. इंजिन चालू असताना, हात लांब ठेवून, बेल्टच्या रेषा असलेल्या बाजूवर थोडं पाणी उडवून बघतात. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. ओढणी, पदर, सैल बाह्या असतील तर यापासून दूरच राहा.

बेल्टला साबण, मेण किंवा स्प्रे मारून आवाज घालवणं हा इलाज नाही. आवाज थांबतो, कारण तसंच राहतं.

इंजिन बंद आणि थंड असताना जुन्या पद्धतीचा व्ही-बेल्ट दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबून बघा. साधारण एक सेंटीमीटर दबला तर ठीक. कडा सुटलेल्या, रबर चकचकीत झालेलं, आडव्या भेगा पडलेल्या दिसल्या तर बदला. हल्लीचे बारीक रेषांचे बेल्ट वेगळ्या रबराचे असतात. ते भेगाळण्याऐवजी टायरसारखे झिजतात, म्हणून भेगा नाहीत याचा अर्थ बेल्ट चांगला आहे असा होत नाही.

टायमिंग बेल्ट मात्र बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. म्हणून तो लक्षणं बघून नाही, तर किलोमीटर आणि वर्षं मोजून बदलायचा. बऱ्याच गाड्यांत ही मर्यादा ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान असते, आणि सोबत वर्षांचीही अट असते. जुन्या गाड्यांची गडबड इथेच होते. "आमची गाडी फक्त ४० हजार चाललीय" असं म्हणताना गाडी पंधरा वर्षांची असते. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

बदलताना या गोष्टी बघा

- बेल्टवर ऑइल किंवा कुलंट गळत असेल तर आधी ते सील बदला. ऑइलने रबर फुगतं आणि नवा बेल्टही लवकर जातो.
- टेन्शनर आणि आयडलरचे बेअरिंग सोबतच बदला. बेअरिंग अडकलं तर नवा बेल्टही तोडतं.
- वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर तोही याच वेळी बघून घ्या. नंतर पुन्हा तीच मजुरी लागते.
- बेल्ट चढवल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का, हे तपासायला सांगा. चावी त्यानंतर फिरवायची.
- गाडी बराच काळ उभी असेल तर उंदरांनी बेल्ट कुरतडलाय का, हेही बघा.

आणि सेकंड हँड गाडी घेताना मालकाने "बेल्ट मागेच बदललाय" असं सांगितलं तर बिल मागा. बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला आणि पहिलं काम तेच करा.

आज गाडीजवळ गेलात की सर्व्हिसची जुनी बिलं एकदा चाळा. टायमिंग बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर सापडले, तर एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. नाही सापडले, तर पुढच्या लांबच्या प्रवासाआधी एक चक्कर गॅरेजमध्ये मारा.