खेळ, कोडी आणि मेंदू: किती उपयोग, कुठे मर्यादा?

"आई हल्ली विसरायला लागली आहे. तिला रोज सुडोकू सोडवायला लावू का?" हा प्रश्न डॉक्टरांना नेहमी विचारला जातो. थोडक्यात उत्तर असे: तिला सुडोकू आवडत असेल तर जरूर द्या. आवडत नसेल तर तिला रमवणारा दुसरा खेळ शोधा. मात्र विसरणे वाढत असेल, तर आधी तपासणी करून घ्या.

खेळताना मेंदू काय करतो?

मेंढीकोटचा एक डाव घ्या. चारपैकी किती दश्श्या पडल्या, हुकूम कोणता, भिडूने मघाशी कोणते पान टाकले हे सगळे लक्षात ठेवावे लागते. पुढचा विचार करून चांगले पान राखून ठेवावे लागते. शब्दकोड्यात शब्द आठवावे लागतात, तर कॅरममध्ये नजर आणि हात यांचा मेळ लागतो. शिवाय समोर माणसे असतात, त्यामुळे गप्पा, हसणे आणि थोडे भांडणही होते. मेंदूला या सगळ्याचीच गरज असते.

यामुळे डिमेन्शिया टळतो का?

तशी खात्री देता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ जणांवर सुमारे पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत वारंवार रमणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचे प्रमाण कमी दिसले. पण या आजाराची सुरुवात लक्षणे दिसण्याच्या बरीच वर्षे आधी होते, आणि त्या काळात माणूस हळूहळू खेळ सोडून देतो. त्यामुळे खेळामुळे आजार टळला की आजार नसल्यामुळे खेळ चालू राहिला, हे अशा अभ्यासातून पक्के सांगता येत नाही.

अमेरिकेतच ६५ वर्षांवरील सुमारे २,८०० जणांना स्मरणशक्ती, तर्क किंवा चटकन प्रतिसाद देणे यांपैकी एकाचे प्रशिक्षण देण्यात आले. ज्याने ज्याचा सराव केला, त्याची मुख्यतः त्यातच प्रगती झाली. म्हणजे रोज सुडोकू सोडवल्याने सुडोकू चांगले जमेल, पण त्यामुळे चष्मा कुठे ठेवला ते आठवेलच असे नाही. म्हणून स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या महागड्या ॲपवर पैसे खर्च करण्याची गरज नाही.

मग खेळ कसा निवडावा?

- आवडणारा: कंटाळवाणा खेळ चार दिवसांत सुटतो.
- थोडा अवघड: तीस वर्षे तेच शब्दकोडे सोडवत असाल, तर आता बुद्धिबळ किंवा नवा पत्त्यांचा डाव शिका. नातवंडांना शिकवा, त्यांच्याकडून शिका.
- माणसांसोबत: एकट्याने मोबाइलवर खेळण्यापेक्षा चौघांचा डाव बरा.
- झेपणारा: दिसत नसेल तर मोठ्या अक्षरांचे पत्ते घ्या. ऐकू येत नसेल तर कान तपासा. ऐकू न येणारी व्यक्ती हळूहळू बैठकीतून उठून जाते, आणि कमी ऐकू येणे हा स्वतःच डिमेन्शियाचा धोका वाढवणारा घटक आहे.

दर तासाभराने उठून थोडे चाला. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे आणि रोजचा व्यायाम यांची जागा कोणताही खेळ घेऊ शकत नाही.

आधीच डिमेन्शिया असेल तर?

तरीही खेळा, पण हार-जीत बाजूला ठेवा. लहानपणचा ओळखीचा खेळ निवडा. नियम चुकले तर चुकू द्या. "आठव बरं, मी कोण?" हा खेळ नसून परीक्षा आहे. उत्तर न आल्याची लाज माणसाला आणखी गप्प करते. भेंड्या, जुने फोटो पाहत गप्पा, शेंगा सोलताना म्हणी पुऱ्या करणे, यांत त्यांना सामील करून घ्या. थकवा किंवा चिडचिड दिसली की थांबा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

वर्षानुवर्षे खेळलेल्या डावाचे नियम विसरणे, गुणांचा हिशेब न जमणे, कट्ट्यावर जाणे अचानक बंद करणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांच्या व्यवहारात गोंधळ होणे, या गोष्टी "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा परिणाम हेही विसरण्याचे कारण असू शकते, आणि त्यावर उपचार आहेत.

गोंधळ काही तासांत किंवा दिवसांत अचानक सुरू झाला, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर ताबडतोब रुग्णालयात न्या.

आणि आज संध्याकाळी वेळ असेल, तर आईला सुडोकूची वही देण्याऐवजी पत्ते पिसून तिच्यासमोर बसा.