पाणबुड्याचं जुनं घड्याळ घेताना

जुन्या बाजारात एखादं घड्याळ हाती लागतं. तबकडीवर लिहिलेलं असतं, '२०० मीटर'. चाळीस वर्षांपूर्वी छापलेला हा आकडा आजही खरा मानायचा का? घड्याळं जमवणाऱ्यांना हा प्रश्न पैशांचा वाटतो. आम्हाला मात्र तो दाबाचा आणि रबराचा वाटतो.

आधी दाब पाहू. पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे २०० मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ २० किलोग्रॅम वजनाचा जादा भार येतो. काचेचा व्यास ३ सेंटिमीटर धरला, तर तिच्यावरचा एकूण भार होतो सुमारे १४० किलोग्रॅम. (वर्गात हे गणित मुलांना जरूर घाला. उत्तरावर त्यांचा पटकन विश्वास बसत नाही!)

एवढा भार सोसायचा तर प्रत्येक सांधा अतिशय काटेकोर हवा, आणि काटेकोरपणा महाग पडतो. सोव्हिएत संघातल्या चिस्तोपोल गावच्या व्होस्तोक कारखान्यात मिखाईल नोविकोव्ह आणि वेरा बेलोव्हा यांनी १९६७ साली 'अम्फिबिया' हे घड्याळ तयार केलं, तेव्हा त्यांनी दाबाशी झगडण्याऐवजी दाबालाच कामाला लावलं. त्याची 'काच' म्हणजे जाड ॲक्रिलिक प्लॅस्टिक. खोल पाण्यात ते किंचित आत वाकतं आणि त्याची कड पोलादी चौकटीवर अधिकच घट्ट बसते. मागच्या झाकणाचंही तसंच. इतर अनेक घड्याळांत झाकणालाच आटे असतात. ते फिरवून आवळताना खालचं रबर पिळवटतं. इथे झाकण रुंद रबरी कड्यावर नुसतं ठेवायचं आणि वरून वेगळी रिंग आवळायची. पाणी झाकणाला दाबतं, झाकण रबराला दाबतं. जितकं खोल जावं तितका सांधा पक्का.

पण हे सगळं रबर लवचीक आहे तोवरच. रबराच्या लांबलचक रेणूसाखळ्या दाबल्या की सरकतात आणि दाब काढला की पूर्ववत होतात. वर्षानुवर्षं हवेतल्या ऑक्सिजनमुळे काही साखळ्या तुटतात, काही एकमेकींना जास्तच जखडतात. मग रबर कडक होतं, चपटं झालं की चपटंच राहतं. आपल्या कुकरची जुनी रिंग आठवा. तेव्हा तबकडीवरचा आकडा नव्या रबराचा, जुन्या घड्याळाचा नव्हे. रबर बदलून, कारागिराकडून हवेच्या दाबाखाली तपासून घेईपर्यंत हात धुतानाही घड्याळ काढून ठेवलेलं बरं.

आत ओल आधीच शिरली आहे का, हे पाहता येतं. घड्याळ हातात धरून कोमट करा, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा आणि मिनिटभराने पुसा. आतल्या बाजूला धुकं दिसलं तर घड्याळ परत करा. मात्र धुकं नाही म्हणून सांधे पक्के, असा उलटा निष्कर्ष काढू नका.

अम्फिबियाची चावी आटे सोडवल्यावर लटपटते. नवखा ग्राहक घाबरतो, पण तिची रचनाच तशी आहे. ओरखडलेली काचही सोडून द्यायचं कारण नाही. ॲक्रिलिक घासून उजळतं. खरी अडचण वेगळीच. ही घड्याळं पुष्कळ बनली, म्हणून स्वस्त मिळतात, आणि म्हणूनच एकाची चौकट, दुसऱ्याची तबकडी, तिसऱ्याचे काटे असा मेळ घालून विकणंही सोपं जातं. फार झगझगीत, नव्याने रंगवलेली तबकडी दिसली की आम्हाला तरी शंका येते.

अंधारात चमकणारा रंगही साक्ष देतो. १९६०च्या दशकापासून अनेक स्विस घड्याळांत त्यासाठी ट्रिटियम वापरत. त्याचा अर्धायुकाल १२.३ वर्षं. १९७०च्या घड्याळात पन्नास वर्षांनी, म्हणजे चार अर्धायुकालांनंतर, सोळावा हिस्साच उरतो. असं घड्याळ रात्रभर लख्ख चमकत असेल, तर रंग नंतर कुणीतरी भरलेला आहे. त्याआधीच्या घड्याळांत रेडियम असे. ती आज चमकत नाहीत, कारण किरणांच्या माऱ्याने रंगातलं झिंक सल्फाइड निकामी झालेलं असतं. रेडियमचा अर्धायुकाल मात्र सुमारे १६०० वर्षांचा, म्हणजे तो जवळजवळ सगळाच्या सगळा तबकडीवर शिल्लक आहे. असं घड्याळ घरी उघडू नये. त्याची धूळ श्वासातून आत जाते.