खेळाडूंच्या वस्तूंचा लिलाव आणि कर्करोगग्रस्तांना मदत

सकाळच्या गाडीत दिव्यांगांच्या डब्यात कल्याण-डोंबिवली-ठाण्याहून परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेले रुग्ण बसलेले दिसतात. कर्करोगाच्या रुग्णांना त्या डब्यातून प्रवासाची मुभा आहे. औषधे, तपासण्या, बुडालेली रोजंदारी, सोबत येणाऱ्याचा खर्च यांची जुळवाजुळव त्या घरांना रोज करावी लागते. अशा कामासाठी पैसा उभारण्याचा एक मार्ग म्हणजे खेळाडूंच्या वस्तूंचा लिलाव. आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना तो नीट समजावा, एवढाच या लेखाचा हेतू.

डोंबिवलीत वाढलेला, एस. व्ही. जोशी हायस्कूलचा विद्यार्थी अजिंक्य रहाणे जानेवारी २०२१ च्या सिडनी कसोटीत भारताचा कर्णधार होता. विहारी व अश्विन यांनी तो सामना वाचविला हे सर्वांना आठवते. ती 'पिंक टेस्ट' होती, हे मात्र थोड्यांच्याच लक्षात असेल. गोलंदाज ग्लेन मॅकग्रा यांच्या पत्नी जेन २००८ साली स्तनाच्या कर्करोगाने वारल्या. पती-पत्नींनी २००५ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेच्या मदतीसाठी २००९ पासून ही कसोटी गुलाबी रंगात खेळली जाते. खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या असलेल्या गुलाबी टोप्यांचा लिलाव होतो आणि संस्थेच्या निधीतून स्तनांच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी खास परिचारिका नेमल्या जातात. पैसा कशासाठी जातो हे बोली लावणाऱ्याला आधीच ठाऊक असते. मला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

आता किमतीविषयी. २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना धोनीने ज्या बॅटने जिंकून दिला, ती त्याच वर्षी लंडनमध्ये १ लाख पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या सुमारे ७२ लाख रुपयांना गेली. धोनीचीच दुसरी एक बॅट २०२४ मध्ये के. एल. राहुल यांनी विशेष मुलांच्या मदतीसाठी घडवून आणलेल्या लिलावात १३ लाखांना गेली. खेळाडू एकच, लाकूडही तसलेच. फरक आहे तो त्या एका सामन्याचा. म्हणून वस्तू कोणत्या सामन्यातली, याचा पुरावा हवाच. खेळाडूचे पत्र, वस्तू हाती देतानाचे छायाचित्र, सामन्याची तारीख हे सर्व जपून ठेवावे. नुसत्या सहीवर विसंबू नये, सही कोणीही गिरवू शकतो.

आपल्याकडे याहून जुने उदाहरण आहे. ते लिलावाचे नव्हे, विक्रीचे. लेडी मेहेरबाई टाटा या नामांकित टेनिसपटू. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीसाठी त्यांचे नाव होते. १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने त्या गेल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्याकडचा सुमारे २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा, कोहिनूरहूनही मोठा, पुढे विकला गेला आणि ते पैसे सर दोराबजी टाटा ट्रस्टकडे आले. याच ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय सुरू केले.

आपल्यासारख्या संस्थेने असा लिलाव करायचा झाल्यास हिऱ्याची गरज नाही. गावातल्या कबड्डीपटूची विजेत्या संघातली बनियनही चालेल. मात्र किमान बोली आधी ठरवावी आणि खर्चावर डोळा ठेवावा. समजा, ५० हजार जमले आणि त्यातले ३० हजार सभागृहात व जेवणावळीत गेले, तर रुग्णाच्या वाट्याला काय उरले? (आपल्याकडे हारतुरेही त्यातच येतात!) मदत घेणारी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी. जमा, खर्च व रुग्णालयाला दिलेली रक्कम पुढील सभेत वाचून दाखवावी.

एक गोष्ट बोली लावणाऱ्यांसाठी. प्राप्तिकरातली सवलत देणगीला आहे, वस्तूच्या खरेदीला नाही. शिवाय २ हजार रुपयांवरची रोख देणगी तिच्यात बसत नाही. तेव्हा पैसे धनादेशाने द्यावेत, आणि पावती कशाची मिळणार हे बोली लावण्यापूर्वीच विचारून घ्यावे.