मोटारीतील घड्याळ वर्गाच्या टेबलावर

भिवंडी हे यंत्रमागांचे व गोदामांचे शहर होय. मागावरील पाळ्या, मालाची चढउतार आणि मुंबई-नाशिक महामार्गावरून रात्रंदिवस चालणारी वाहतूक यांमुळे तेथील व्यवहार घड्याळाशी बांधलेला असतो. जेथे वाहने पुष्कळ, तेथे मोडीत निघालेली वाहनेही पुष्कळ. अशा जुन्या मोटारीचे इंजिन निकामी झालेले असले, तरी तिच्या डॅशबोर्डमधील घड्याळ बहुधा धडधाकट असते. परंतु मोटारीबरोबर तेही भंगारात जाते. असे घड्याळ थोड्या खर्चात व थोड्या श्रमात शाळेच्या टेबलावर चालविता येते. ते कसे चालवावे आणि त्यातून विद्यार्थ्यांना काय शिकविता येईल, याचा विचार येथे केला आहे.

शाळेला अचूक घड्याळाची गरज किती आहे, हे शिक्षकबंधुभगिनींना सांगावयास नको. परिपाठ, तासिका व मध्यान्ह भोजन यांचा क्रम घड्याळावर अवलंबून असतो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका प्रश्नपत्रिकेत ७५ प्रश्न ९० मिनिटांत सोडवावयाचे असतात. म्हणजे एका प्रश्नास सरासरी ७२ सेकंद मिळतात. खेड्यातील मुलाला उत्तर येत असूनही वेळेचा अंदाज नसल्यामुळे त्याचे प्रश्न सुटावयाचे राहतात. समोर घड्याळ ठेवून सराव केल्याशिवाय हा अंदाज येत नाही.

मोटारीचे अंकदर्शक घड्याळ १२ व्होल्टच्या अडॅप्टरला जोडले की ते लगेच चालू लागते. पण पावसाळ्यात तारेवर फांदी पडून वीज गेली व पुन्हा आली, की घड्याळ सगळे विसरून पहिल्या आकड्यापासून लुकलुकू लागते. दोनचार वेळा असे झाले, की ते लावण्याचा कंटाळा येतो आणि अखेरीस ते कपाटात पडते. बंद घड्याळ निदान कोणाला फसवीत नाही. चुकीचे घड्याळ मात्र साऱ्या शाळेला फसविते. यास्तव वीज गेल्यावरही वेळ न विसरणारे घड्याळ करणे, हाच या कामातील मुख्य प्रश्न होय. त्याचे उत्तर मोटारीच्या रचनेतच आहे.

मोजणे व दाखविणे

मोटारीतील अंकदर्शक घड्याळाला सामान्यतः चार तारा असतात. पहिली कायम तार. ती किल्ली काढली तरी बॅटरीला जोडलेलीच असते. दुसरी किल्लीची तार. किल्ली फिरविल्यावरच तिच्यात वीज येते. तिसरी दिव्यांची तार. रात्री दिवे लावले की ती आकडे मंद करते. चौथी ऋण तार, जिला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात.

यावरून असे दिसेल की, या घड्याळात दोन कामे वेगवेगळी ठेवलेली आहेत. वेळ मोजण्याचे काम कायम तारेवर अखंड चालते व त्यास फारच थोडी वीज लागते. आकडे दाखविण्याचे काम किल्लीच्या तारेवर चालते व त्यास तुलनेने अधिक वीज लागते. मोटार रात्रभर उभी असता आकडे दिसत नाहीत, तथापि मोजणी चालूच असते. शाळेत विजेच्या अडॅप्टरला किल्लीच्या जागी मानावे आणि मोजणीसाठी लहान घटमाला ठेवावी, म्हणजे काम साधते.

सेकंद कसा मोजला जातो

क्वार्ट्झच्या स्फटिकास विजेचा दाब दिला असता तो ठराविक वेगाने कंप पावतो. स्फटिक व वीज यांचा हा संबंध क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये शोधून काढला. १९२७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन यांनी त्यावर आधारलेले पहिले घड्याळ तयार केले. आज सर्वत्र आढळणारा लहान स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. घड्याळातील मंडल ही संख्या पुनःपुन्हा निम्मी करीत जाते. पंधरा वेळा निम्मी केल्यावर बरोबर १ उरतो, आणि तोच एक सेकंद. काही घड्याळांतील स्फटिक ४१,९४,३०४ वेळा कंप पावतो; ती संख्या बावीस वेळा निम्मी करावी लागते. हे उदाहरण मुलांना फळ्यावर अवश्य करावयास द्यावे. भागाकाराचा सराव होतो आणि घड्याळाचे गूढही उकलते.

घड्याळाची निवड

मोटारीतून घड्याळ काढण्यापूर्वीच कारागिराकडून तारा ओळखून घ्याव्यात; कारण तारांचे रंग प्रत्येक कंपनीत निराळे असतात. किल्ली बंद असता मल्टिमीटरवर जी तार १२ व्होल्ट दाखवील ती कायम तार. किल्ली फिरविल्यावर जिच्यात वीज येईल ती किल्लीची, आणि दिवे लावल्यावर येईल ती दिव्यांची तार समजावी. प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावी.

पुष्कळ मालमोटारींची विद्युत्-व्यवस्था २४ व्होल्टची असते. तिच्यातील घड्याळ येथे उपयोगी नाही. तसेच फार जुन्या मोटारींतील काट्यांच्या घड्याळांत स्फटिक नसतो. त्यांत विद्युत्चुंबक दर एकदोन मिनिटांनी स्प्रिंग ताणतो. विजेचा दाब कमी पडल्यास त्यातील संपर्कबिंदू मिटलेलेच राहून जळतात. अशी घड्याळे या जोडणीसाठी घेऊ नयेत.

जोडणी

लागणारे साहित्य असे: १२ व्होल्ट डी. सी. व १ अँपिअरचा, बी. आय. एस. नोंदणी-चिन्ह असलेला अडॅप्टर. दीड व्होल्टचे सहा पेन्सिल सेल व त्यांची पेटी. ४००७ क्रमांकाचे दोन डायोड. अर्ध्या अँपिअरचा फ्यूज. जुन्या पद्धतीचा वजनदार अडॅप्टर भार नसताना १६ व्होल्टपर्यंतही दाब देतो. म्हणून मल्टिमीटरने मोजल्याशिवाय कोणताही अडॅप्टर जोडू नये.

डायोडचे कार्य विहिरीवरील पंपाच्या फूट-व्हॉल्व्हसारखे आहे. फूट-व्हॉल्व्ह पाणी वर येऊ देतो, परत जाऊ देत नाही; तसा डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. त्यावरील पांढरा पट्टा घड्याळाच्या बाजूस ठेवावा.

अडॅप्टरची धन तार प्रथम फ्यूजमधून घ्यावी. तिच्या पुढे दोन शाखा कराव्यात. एक शाखा सरळ किल्लीच्या तारेस जोडावी. दुसरी पहिल्या डायोडमधून कायम तारेस जोडावी. सेलच्या पेटीचे धन टोक दुसऱ्या डायोडमधून त्याच कायम तारेस जोडावे. अडॅप्टर, पेटी व घड्याळ यांच्या ऋण तारा एकत्र कराव्यात. दिव्यांची तार मोकळी ठेवून तिच्या टोकास चिकटपट्टी गुंडाळावी.

डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात. त्यामुळे अडॅप्टरकडून घड्याळास ११.३ व्होल्ट मिळतात. सहा सेलचे ९ व्होल्ट त्याहून कमी असल्यामुळे वीज असेपर्यंत सेल खर्ची पडत नाहीत. वीज जाताच सेल ८.३ व्होल्ट देऊ लागतात. मोटार सुरू करताना बॅटरीचा दाब क्षणभर ९ व्होल्टच्याही खाली उतरू शकतो व तेवढ्याने वेळ चुकू नये अशी या घड्याळांची घडण असते. म्हणून हा दाब बहुधा पुरतो. तरीही अडॅप्टर दहा मिनिटे काढून खात्री करून घ्यावी. आकडे मावळतील, अडॅप्टर लावताच बरोबर वेळ पुन्हा दिसली पाहिजे.

मोजणीस ५ मिलिअँपिअर प्रवाह लागत असेल व सेलची धारणा २,००० मिलिअँपिअर-तास असेल, तर सेल ४०० तास, म्हणजे सोळा दिवसांहून अधिक पुरतील. सेल गळून पेटी खराब होऊ नये म्हणून उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी ते काढावेत व जूनमध्ये नवे घालावेत.

दक्षता

भिंतीतील २३० व्होल्टची वीज प्राणघातक असते. अडॅप्टर कधीही उघडू नये आणि तो लावण्याकाढण्याचे काम शिक्षकांनीच करावे. मुलांच्या हाती फक्त १२ व्होल्टच्या बाजूचे काम द्यावे. डाख देण्याचे काम शिक्षकांनी उघड्या खिडकीजवळ करावे व नंतर हात धुवावेत; डाखाच्या कथलात शिसे असण्याचा संभव असतो. मोटारीची मूळ बॅटरी वर्गात आणू नये. तिच्यातील आम्ल जाळते, आणि तिची दोन टोके चुकून जोडली गेल्यास तारा लालभडक होतात.

वर्गातील उपयोग

सुताराकडून लहानशी लाकडी पेटी करवून तीत घड्याळ बसवावे. सेलची पेटी मागील बाजूस, सहज उघडता येईल अशी ठेवावी. दर सोमवारी आकाशवाणीच्या वेळेशी घड्याळ ताडून ते किती सेकंद पुढे वा मागे गेले, हे एका विद्यार्थ्याने वहीत लिहावे. साधारण स्फटिकात दशलक्षांशी २० भागांचा फरक असू शकतो, म्हणजे दिवसास पावणेदोन सेकंद. चार आठवड्यांच्या नोंदींवरून मुलांना सरासरी काढता येईल.

पटांगणात ओळंब्याने सरळ काठी रोवून तिची सावली मध्यान्ही पाहावी. १५ एप्रिलच्या सुमारास भिवंडीत सावली सर्वांत आखूड असते त्या वेळी घड्याळात १२ वाजून सुमारे ३८ मिनिटे झालेली असतात. हा घड्याळाचा दोष नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. भिवंडी ७३ अंशांच्या किंचित पूर्वेस आहे. आणि एका अंशास सूर्य चार मिनिटे घेतो. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली, तरी मुंबईची नगरपालिका त्यानंतरही अनेक वर्षे ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ पाळीत होती. वेळ सूर्याची असली, तरी घड्याळातील आकडा माणसांनी एकमताने ठरविलेला असतो, हे मुलांना या सावलीवरून समजेल.

शक्य झाल्यास जोडणीची आकृती वरच्या वर्गातील मुलांकडून मोठ्या कागदावर काढवून ती घड्याळाशेजारी लावावी. शिक्षकांची बदली झाली, तरी पुढे येणाऱ्यास घड्याळ दुरुस्त करता आले पाहिजे.