नोंद बदला, पण पुसू नका

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दुरुस्ती करताना आपण जुनी नोंद खरवडून काढत नाही. ती वाचता येईल अशी एका रेघेने खोडतो, नवी लिहितो आणि तारखेसह सही करतो. संगणकातील डेटाबेस मात्र सांगितल्याशिवाय असे करत नाही. तिथे नवी नोंद जुनीच्या जागी बसते आणि जुनी नाहीशी होते.

याने काय बिघडते? २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणू, वसई, जव्हार वगैरे तालुके तिकडे गेले. समजा, शाळांच्या यादीत डहाणूच्या एका शाळेपुढचे ‘ठाणे’ पुसून आपण ‘पालघर’ लिहिले. आता ‘२०११ मध्ये ठाणे जिल्ह्यात किती शाळा होत्या?’ असे विचारले, तर संगणक ही शाळा वगळून उत्तर देईल. उत्तर चुकीचे असेल आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. त्यात माहिती कोष्टकांत ठेवतात आणि कोष्टकाची प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान असते. ‘ही शाळा ठाणे जिल्ह्यात आहे’ हे विधान ठरावीक काळापुरतेच खरे आहे. म्हणून तो काळही ओळीतच लिहू :

शाळा क्र. | जिल्हा | पासून | पर्यंत
१०७ | ठाणे | १-६-१९९० | १-८-२०१४
१०७ | पालघर | १-८-२०१४ | ३१-१२-९९९९

‘पासून’ची तारीख धरायची, ‘पर्यंत’ची धरायची नाही. त्यामुळे मध्ये फट राहत नाही आणि एकच दिवस दोन ओळींत येत नाही. ९९९९ साल म्हणजे ‘अजून चालू’ अशी खूण. आता कोणतीही तारीख दिली की त्या दिवशीचा जिल्हा सापडतो. मात्र केवळ शाळा क्रमांकावरून ओळ ओळखता येत नाही. त्याला ‘पासून’ची जोड द्यावी लागते.

आणखी एक पेच आहे. जिल्हा १ ऑगस्टला बदलला, पण कारकुनाने नोंद २० ऑगस्टला केली असे समजू. मग १० ऑगस्टला छापलेल्या यादीत ‘ठाणे’ कसे? याचे उत्तर मिळण्यासाठी दोन काळ ठेवावे लागतात : वस्तुस्थिती कधीपासून खरी आणि आपल्या दप्तरी ती कधी आली. पहिला काळ माणूस लिहितो. दुसरा संगणक स्वतःच नोंदवतो. डेटाबेसची भाषा असलेल्या ‘एस.क्यू.एल.’च्या २०११ च्या मानकात या दोन्हींची सोय केली आहे.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. वर्षभरातल्या मॉनिटरांचे असे कोष्टक मुलांकडून करून घ्यावे. मग विचारावे : १५ ऑगस्टला मॉनिटर कोण होता? फळ्यावर केवळ आजच्या मॉनिटरचे नाव असेल, तर या प्रश्नाला उत्तर नाही.